आमची वाटचाल: आधी माती, मग आकडा

आमची कंपनी लहान आणि काम एकच: मुळांपाशी ओल किती आहे ते मोजून पाण्याची पुढची पाळी कधी द्यायची, हे शेतकऱ्याला वेळेत कळवणं.

सुरुवातीला आम्ही मातीचा विद्युतरोध मोजणारे सेन्सर तपासले. त्यांची टोकं ओल्या मातीत गंजतात, आणि खतातले क्षार वाढले की ओल वाढल्यासारखी दिसते. म्हणून मातीची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणाऱ्या कपॅसिटिव्ह सेन्सरकडे वळलो. ही क्षमता दाखवणारा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक: पाण्याचा सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5. या फरकामुळे ओलीतला थोडासा बदलही पकडता येतो.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. सेन्सर 25 टक्के ओल दाखवतो तेव्हा रेताड रानात पाणी भरपूर असतं, पण भारी काळ्या रानात पीक मान टाकायच्या बेतात असू शकतं. चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते, मुळांना सहजी सोडत नाही. त्यामुळे प्रत्येक शेतातली माती ठरावीक मापाच्या नळीने काढायची, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवायची, आधीच्या-नंतरच्या वजनावरून ओल काढायची आणि सेन्सर त्याच्याशी जुळवायचा. घाई असलेल्या ग्राहकालाही यात सूट देत नाही.

काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरला लागून गेली तर तिथे हवा शिरते आणि आजूबाजूला ओल असूनही आकडा कोसळतो. म्हणून गिरमिटाने भोक पाडून त्याच मातीचा राडा आत ओततो आणि त्यात सेन्सर बसवतो. एक दाट मुळांच्या थरात, दुसरा त्याखाली. पाणी देताना खालचाही आकडा चढू लागला, तर पाणी मुळांना ओलांडून चाललंय आणि सोबत नत्रही. मोबाइलवर हे दिसलं की शेतकरी आपणहून मोटर लवकर बंद करतो. आमच्या कामाचं याहून मोठं समाधान नाही.

सेन्सरची माहिती लोरा या कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओवरून येते. पीक उंच झालं की सिग्नल दबतो, म्हणून अँटेना पिकाच्या वर ठेवतो.

नत्र, स्फुरद, पालाश दाखवणाऱ्या सेन्सरची मागणी सतत होते. स्वस्तातले असे बरेच सेन्सर मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून तिन्ही आकडे अंदाजाने मांडतात. त्यावर विसंबून खताचा डोस ठरवणं आम्हाला पटत नाही, म्हणून ते विकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत माती परीक्षण करून घ्या, असंच सांगतो.