हो ना, खूप शांत आहे

गुरुवार, रात्रीचे १.१०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. तसंही दोनला उठायचंच आहे.

झालं काहीच नाही खरं तर. दुपारी थेरपीला जाताना मेट्रोत नळस्टॉपला एक आज्जी चढल्या, कापडी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली, माझ्या शेजारी बसल्या, चिऊकडे बघितलं आणि म्हणाल्या, "किती शांत आहे गं बाळ! आमचा नातू असता ना, तर अख्खा डबा डोक्यावर घेतला असता त्याने." आणि मी म्हणाले, "हो ना, खूप शांत आहे." बस, एवढंच. मग गरवारे गेलं, डेक्कन आलं, त्या उतरल्या. जेमतेम चार मिनिटं. पण तेव्हापासून ते "हो ना" घशात अडकल्यासारखं झालंय.

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. "खूप" मी माझ्या पदरचं घातलं. हसून.

शांत हा शब्द मला सहन होत नाही, हे घरात सगळ्यांना माहितीये. आई आता म्हणत नाहीत, आत्या म्हणतात. पण हा शब्द सगळ्यात आधी मीच वापरलाय ना. चिऊ १७ मार्चची. पहिल्या आठवड्यात ज्याचा फोन येईल त्याला मी सांगत होते, इतकी गुणी आहे, रडतच नाही, रात्रभर झोपू देते, मालिशवाल्या मावशी पण म्हणायच्या, अंग कसं लोण्यासारखं आहे पोरीचं. मला केवढा अभिमान. नंतर कधीतरी वाचलं की २१ मार्चला डाऊन सिंड्रोमचा जागतिक दिवस असतो, तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती. त्या दिवशी चिऊ चार दिवसांची होती आणि आम्ही पेढे वाटत होतो.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी तिला पोटाखाली हात घालून आडवी उचलली तर हात, पाय, डोकं सगळं खाली लोंबलं, पिळायच्या आधीच्या ओल्या पंच्यासारखं. ते काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग तळहात बघितला, डोळे बघितले, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली फट बघितली, आणि म्हणाले टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, कमी वाटतोय, एक रक्ताची टेस्ट करून घेऊ. त्या दिवसापासून शांत म्हणजे लो टोन.

रिपोर्टमध्ये फोटो असतो गुणसूत्रांचा, जोड्या लावलेल्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांसारख्या. शेवटच्या ओळीत २१ नंबर. तिथे दोनाऐवजी तीन. २१ वं सगळ्यात पिटुकलं असतं, खाली लिहिलेलं नसतं तर मला दिसलंही नसतं. खाली लिहिलं होतं ४७, एक्सएक्स, +२१. एवढ्याशा जास्तीच्या तुकड्याने सगळं बदललं, हृदयाची इको, थायरॉईड, कानांची बेरा टेस्ट, आठवड्यातून दोनदा थेरपी. आत्यांनी विचारलं होतं, गरोदरपणातल्या डबल मार्कर टेस्टमध्ये कसं नाही कळलं? लो रिस्क आलं होतं म्हणून नाही कळलं. लो रिस्क म्हणजे नाहीच असं नसतं, हे मलाही तेव्हा कुठे माहिती होतं. २९ वर्षांची होते मी. जाऊ दे, तो विषय नको.

तर शांत. शांत म्हणजे काय ते त्या आज्जींना मी सांगायला हवं होतं का? भूक लागली तरी ती उठत नाही म्हणून अलार्म लावावा लागतो. पाच महिने झाले, वजन ५.४ किलो, सहा किलो होईपर्यंत रात्रीचं एक फीड चुकवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग रोज दोन वाजता मी तिचं झबलं काढते, तळवे चोळते, तरी नाही उठली तर ओला कापूस पायाला लावते, थंड. झोपलेल्या लेकराला थंड पाणी लावायचं. ती तोंड वाकडं करते, जरासं कुरकुरते आणि परत झोपते, मग परत कापूस. दूध ओढता ओढता दमते, ओठाच्या कोपऱ्यातून अर्धं माझ्या हातावर येतं. चाळीस मिनिटं लागतात. बाकीच्या सगळ्या जणी सांगतात की बाळ झोपूच देत नाही, रडून रडून जीव घेतं, आणि मी ऐकून घेते. मला हेवा वाटतो त्यांचा. खरंच वाटतो. मला पण एकदा रात्री तिच्या रडण्याने दचकून उठायचंय, वैतागायचंय, नवऱ्याला ढोसून म्हणायचंय की आता तू घे, माझ्याने होत नाही. एवढी साधी गोष्ट पण आपल्या वाट्याला येऊ नये? आपल्यालाच का असं सारखं

नको. हे असं लिहायला लागले की थांबत नाही.

याला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाला, अगं दोन स्टेशनांपुरत्या भेटलेल्या बाईला काय अख्खी फाइल दाखवायची का? बरोबर आहे त्याचं. पण मला फाइल दाखवायची नव्हती. मला एवढंच कळत नाहीये की मी सांगायचा कंटाळा केला की मी लपवलं. कंटाळा असेल तर ठीक आहे. लपवलं असेल तर मी चिऊला लपवलं, तिच्या देखत, तिला मांडीवर घेऊन. ती वर माझ्या तोंडाकडेच बघत होती तेव्हा.

आणि अजून एक आहे, ते मी याला सांगितलं नाही. आज्जींनी तिचा हात हातात घेतला होता. चिऊची मूठ उघडावी लागत नाही, तिच्या वयाची बाकीची पोरं कशी बोट घट्ट पकडतात, तिचा पंजा असतो सैल, फुलासारखा उघडा. त्यांनी तळव्यावरून अंगठा फिरवला, आडवा, त्या एकाच रेषेवरून. बहुतेकांना दोन असतात, चिऊला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. (नसतेच असं नाही, आमच्या आजोबांच्या उजव्या हातावर तशीच होती आणि ते ८८ वर्षं जगले.) मग करंगळीला हात लावला, ती आत वळलेली आहे जरा. आता संध्याकाळपासून मी आठवायचा प्रयत्न करतेय की त्यांनी आधी हात बघितला आणि मग शांत म्हणाल्या, की आधी शांत म्हणाल्या आणि मग हात घेतला. कितीही आठवलं तरी क्रम लागत नाही. आधी हात बघितला असेल तर त्यांना कळलं होतं. कळून त्या शांत म्हणाल्या. म्हणजे मग ते कौतुक नव्हतं, माझ्यासाठी काहीतरी होतं, आणि मी तिथे "हो ना" म्हणून बसले.

आणि नसेल कळलं, तर चार मिनिटं चिऊ कोणाला तरी रिपोर्टशिवाय दिसली. नुसतं एक बाळ, मेट्रोत, गुलाबी टोपडं घातलेलं. मी तशी तिला कधी बघितली शेवटची? पहिल्या आठ दिवसांत बघितली असेन.

डेक्कन सुटलं की मेट्रो नदीच्या कडेने जाते. तिथे चिऊने मान वळवली, हळूच, खिडकीतून उजेड येत होता तिकडे. मला वाटलं मान धरली. मग वाटलं डब्याच्या हिसक्याने वळली असेल. हे आजकाल माझं असंच होतं, काहीही केलं तिने की पहिला प्रश्न हाच, हे तिने केलं की टोनने, हे सिंड्रोमचं की तिचं. थेरपीच्या मॅडमना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही, टॉवेलची गुंडाळी तिच्या छातीखाली घातली आणि समोर खुळखुळा धरला. चिऊने डोकं उचललं. एक, दोन, तीन, मॅडम मोजत होत्या, मान थरथरत होती, कपाळावर घाम, टाळूवरचे केस भिजले, आठला नाक टेकलं, आणि तिने परत उचललं. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा अकरापर्यंत. मागच्या गुरुवारी चार होते.

तेव्हा रडली नाही ती. तोंडातून आवाज नाही, नुसता श्वास जोरात, आणि नजर त्या खुळखुळ्यावर अशी रोखलेली की मी तिच्या समोरून बाजूला सरकले. ते पण शांतच होतं की. पण ते लो टोन नव्हतं, ते तिचं होतं. माझी आई अशी होती, भाकऱ्या थापताना एक शब्द बोलायची नाही.

येताना सहा वाजून गेले होते, नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस सुरू झालीये, गणपतीला तीन-साडेतीन आठवडे राहिले आता. परत डेक्कनच्या आसपास ढोल ऐकू आले, बंद काचेतून पण छातीत जाणवत होते. चिऊ झोपलीच होती. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले, तिला पण जाणवतायत का बघायला.

पुढच्या गुरुवारी याच वेळेची गाडी धरणार आहे. आज्जी भेटतीलच असं नाही, भेटल्या तर काय बोलायचं ते ठरवत होते मगाशी. "आज्जी, तिला डाऊन सिंड्रोम आहे," असं एकदम कसं म्हणायचं, त्या कोथिंबीर सावरत असतील. "त्या दिवशी तुम्ही हात बघितलात ना," असंही नको. तिचं नाव सांगेन. नाव त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

दोनला पाच कमी आहेत. कापूस भिजवून ठेवते.