लागली का लावली?

परवा नववीच्या वर्गात एका पोरानं हात वर केला. "सर, थेम्स तर नदी आहे ना? ती पेटवायची कशी?"

फळ्यावर मी 'सेट द थेम्स ऑन फायर' लिहिलं होतं. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आपल्या मांजरा नदीला आधी पाणी येऊ दे, मग पेटव." २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ही पोरं फार तर बालवाडीत असतील. पण असले विनोद घरूनच येतात.

अर्थ सोपा आहे: लोकांचे डोळे दिपतील असं काहीतरी करून दाखवणं. गंमत अशी की इंग्रज माणूस हे सहसा नकार घालूनच बोलतो. 'ही विल नेव्हर सेट द थेम्स ऑन फायर', म्हणजे गडी बरा आहे, पण त्याच्या हातून विशेष काही व्हायचं नाही. थेम्सच्या जागी 'द वर्ल्ड'ही चालतं. जर्मन लोक पूर्वी बोलण्यात त्यांची ऱ्हाईन नदी पेटवायचे. पिठाच्या चाळणीला पूर्वी 'टेम्स' म्हणत आणि कष्टाळू गडी ती इतकी घासायचा की पेटेल, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला झकास, पण कोशकारांना तिचा पुरावा काही सापडला नाही. (नदी पेटतच नाही असंही नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडची कायाहोगा नदी १९६९ साली पेटली होती. पाण्यावर तेलाचा तवंग होता.)

मराठीत याला जोड म्हणून मी पोरांना 'दिवे लावणे' सांगितलं. तेही सरळ मनानं कुणी म्हणत नाही. फक्त थेम्सवाल्यानं काहीच केलेलं नसतं, दिवेवाल्यानं मात्र काहीतरी करून ठेवलेलं असतं.

मी करून ठेवलेलं आहे. तेही याच 'सेट ऑन फायर'नं.

बी.ए. झालो त्या वर्षी, फेब्रुवारीत, आमच्या आप्पांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, ऊस पेटला. भर दुपारी वाऱ्यानं तारेला तार घासली, ठिणगी पडली. पाचट अशी तडतडत होती की लांबून कुणाच्या लग्नात माळ लावल्यासारखं वाटावं. दीड एकर गेला. कांड्या उभ्या होत्या, नुसत्या काळ्या. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, म्हणून विजेच्या कार्यालयात भरपाईचा अर्ज द्यायचं ठरलं. आप्पा म्हणाले, "पुतण्या इंग्रजीत बी.ए. हाय, अर्ज इंग्रजीतच जाऊ दे."

मी ऐटीत लिहिलं, 'अवर शुगरकेन वॉज सेट ऑन फायर ॲट टू पी.एम.'

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला आणि त्या ओळीवर पेन टेकवलं. "तुम्हीच लिहिलंय, ऊस कुणीतरी पेटवला. मग पोलिसात जा. आमच्या तारेचा काय संबंध?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. "लावली न्हाई साहेब, लागली!"

आपल्याकडं एका अक्षरात निभावतं: लागली की आपोआप, लावली की कुणाचा तरी हात. इंग्रजीत पहिलीला 'कॉट फायर', दुसरीला 'सेट फायर टू'. 'वॉज सेट ऑन फायर' म्हणून पुढं कशानं ते सांगितलं नाही, तर वाचणारा काडी कुणाच्या हातात होती तेच शोधत बसतो. मी 'बाय अ स्पार्क फ्रॉम द वायर' एवढं जोडलं असतं तरी भागलं असतं. पोरं 'सेट फायर'नंतरचा 'टू' खातात, त्याला मी अर्धा गुण कापतो. 'कॉट'च्या जागी 'सेट' आलं की पूर्ण गुण कापतो.

बाहेर आल्यावर आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. एसटीत बसल्यावर म्हणाले, "चांगले दिवे लावलेस."

रात्री त्यांनी नवा कोरा कागद पुढं सरकवला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'दुपारी दोनच्या सुमारास तारेला तार घासून ठिणगी पडली व ऊस पेटला.' खाली सही त्यांनी स्वतः केली. वाचून बघितल्यावर.