फोटो काढणारे डॉक्टर

दुपारी सीटीच्या दाराशी एका काकांनी थांबवलं. "ताई, मेंदूचा फोटो काढणारे डॉक्टर कुठे भेटतील?" मी कन्सोल रूमकडे, म्हणजे जिथून यंत्र चालवतात त्या खोलीकडे, बोट दाखवलं आणि पुढे चालू लागले. जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं, तिथे तर टेक्निशियन बसलाय. काकांना तो हवा होता की ते फोटो वाचणारी डॉक्टर, म्हणजे मी, कोण जाणे. पण मी स्वतःकडे बोट का दाखवलं नाही?

त्यांची लेक बाळंतीण, बारावा दिवस. फॉर्मवर एकच शब्द, डोकेदुखी. बाळंतपणाचा पत्ताच नाही. वय पाहून वॉर्डला फोन केला, तेव्हा कळलं. मेंदू ठाकठीक दिसत होता, फक्त उजवा ट्रान्सव्हर्स सायनस, म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर, जरा जास्त पांढरा. गुठळीची शंका, पण एवढ्यावर उडी मारायची नसते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढलेलं असलं की सगळ्याच रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात, म्हणून त्याच स्कॅनमधल्या धमनीवर कर्सर ठेवून बघायचं. धमनी ५०, सायनस ७८, म्हणजे एकटा सायनसच पांढरा. मग पातळ कापांवरून कोरोनल आणि सॅजिटल, म्हणजे समोरून आणि बाजूने घेतलेले छेद, कारण आडव्या कापात हा सायनस कवटीच्या हाडाला लागून बसतो आणि डोळा त्याला हाडातच जमा करतो.

एमआरआयमध्ये फसगत आणखी वेगळी. पहिले चार-पाच दिवस गुठळी टी-टू नावाच्या चित्रांत काळी असते, वाहत्या रक्तासारखीच, आणि रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, 'फ्लो व्हॉइड नॉर्मल' (रक्त नीट वाहतंय) लिहून मोकळा होतो. उलट टाइम-ऑफ-फ्लाइट व्हिनोग्राफीत, म्हणजे एमआरआयवर शिरांचं चित्र काढण्याच्या एका पद्धतीत, रक्त कापाच्याच प्रतलात वाहत असलं की सिग्नल जातो आणि गुठळी नसताना सायनस तुटलेला दिसतो. त्यात डावा ट्रान्सव्हर्स पुष्कळांचा जन्मतःच बारीक. म्हणून नुसत्या त्या छान फिरणाऱ्या थ्रीडी चित्रावर जायचं नाही, ज्यांतून ते बनतं त्या सोर्स इमेजेस उघडायच्या, एसडब्ल्यूआय (साचलेलं रक्त ठळक काळं दाखवणारी एमआरआय चित्रं) शेजारी लावायचं. हे दर बॅचला सांगते. दर बॅच मान डोलावते. आणि शिरेच्या गुठळीमुळे मेंदूत रक्तस्राव झाला असला तरी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देतात, यावर दर वेळी कुणीतरी दचकतंच.

वॉर्डला कळवलं, हेपॅरिन सुरू झालं. संध्याकाळी काका टेक्निशियनला बर्फी देऊन गेले. नात झाली ना.

एमडीची तीन वर्षं, त्यापुढच्या डीएम पदवीची आणखी तीन, त्यानंतर दोन थिसिस गाइड करता करता पांढरे झालेले केस, आणि बर्फी कन्सोल रूममध्ये. पदोन्नतीच्या फाइलबद्दल आज लिहीत नाही. पण ते बोट. ते माझं मीच दाखवलं होतं, काकांनी नव्हे.

आता उद्याच्या लेक्चरची पहिली स्लाइड उघडून बसलेय. १ ऑक्टोबर १९७१, विम्बल्डनचं ॲटकिन्सन मोर्ली हॉस्पिटल, रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी. ८० बाय ८० चे ठोकळे, आजचा रेसिडेंट ते पाहून हसतो. यंत्र बनवणारा गॉडफ्री हाऊन्सफील्ड इंजिनिअर होता, डॉक्टर नव्हताच. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅकबरोबर मिळालं. दुपारी ज्या ७८ च्या जिवावर मी फोनवर एवढी ठाम बोलले, ते ७८ सुद्धा हाऊन्सफील्ड युनिटच, सीटीवर घनता मोजायचं एकक. म्हणजे आमचं सगळं दुकानच एका फोटो काढणाऱ्याच्या नावावर चाललंय!

आणि ते पातळ काप? मी मागितले नव्हते. टेक्निशियनने डोक्याच्या प्रत्येक सीटीबरोबर ०.६२५ मिलिमीटरचे काप करून ठेवायची सवय स्वतःच लावून घेतलीय. नेहमीच्या पाच मिलिमीटरच्या कापांत तो सायनस हाडात मिसळून गेला असता आणि मी 'नॉर्मल' लिहून जेवायला गेले असते. निघताना त्याने बर्फीचा अर्धा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला होता. कागदाला चिकटलेला, पण चांगली होती.

उद्या साडेदहाला तिची व्हिनोग्राफी आहे. काका येतीलच. मी कन्सोल रूममध्येच बसते.