ब्रिज जागेवर होता, दात नव्हता

“ब्रिज किंचित हलतोय डॉक्टर, तेवढं सिमेंट लावून द्या,” असे म्हणत एक रुग्ण बाई खुर्चीत बसल्या. ब्रिज म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवलेला कृत्रिम दात, जो दोन्ही बाजूंच्या दातांवर घातलेल्या कॅपना (टोप्यांना) जोडलेला असतो. वेदना नव्हती, सूजही नव्हती. ब्रिजच्या आधाराच्या पुढच्या दाताचे रूट कॅनाल झालेले होते, म्हणजे त्यात नसच उरलेली नव्हती. असा दात आतून किडत असतानाही दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे रुग्ण धरून चालतो.

ब्रिजवर बोट ठेवून वरखाली दाबताच पुढच्या कॅपच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे उमटले. ही कॅप सुटली होती, पण मागच्या दाढेवरची घट्ट असल्यामुळे ब्रिज पडला नाही, आणि प्रत्येक घासागणिक लाळ व अन्नाचे कण सुटलेल्या कॅपखाली शिरत राहिले. धातूच्या कॅपआडचे एक्स-रेत दिसत नाही. ब्रिज कापून काढला, तेव्हा आतला दात हत्याराने खरवडताच ओल्या चामड्यासारखा सुटून येऊ लागला. नवी कॅप टिकण्यासाठी हिरडीच्या वर सभोवार १.५ ते २ मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. इथे कीड हिरडीखाली उतरली होती. दात काढावा लागला. एका दाताची जागा भरण्यासाठी केलेला ब्रिज आता दोन दातांची जागा भरणार आणि त्यासाठी शेजारचा एक धडधाकट दात घासावा लागणार, याचे मला फार वाईट वाटले.

“मी रोज दोनदा ब्रश करते,” त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. बाहेरची बाजू अगदी स्वच्छ होती. मधल्या कृत्रिम दाताच्या खाली मात्र मऊ, पांढरट थर साचला होता. तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असल्याने फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वरून उतरत नाही. सुपर फ्लॉसचे ताठ टोक गालाच्या बाजूने मधल्या दाताखाली ओवायचे, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचे आणि मग त्याच्या फुगीर भागाने त्या दाताची खालची बाजू व दोन्ही आधारांच्या कडा पुसायच्या, हे रोज रात्री करावे लागते. त्यांना पूर्वी केवळ “फ्लॉस करा” असे सांगितले गेले होते, तेही तोंड बधिर असताना, उठता उठता. ब्रिजच्या बारीकसारीक मापांवर जीव ओतणारे आम्ही दंतवैद्य रुग्णाच्या हातात आरसा आणि दोरा द्यायला पाच मिनिटे काढत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

आधी सिमेंट सुटले की आधी कडेला कीड लागली, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कीड आधी लागली असेल, तर रोजच्या दोऱ्याने बहुधा दात वाचला असता. सिमेंट आधी सुटले असेल, तर नुसता दोरा पुरला नसता. ब्रिज हलू लागताच दाखवायला येणे गरजेचे होते. निघताना त्यांनी सहज सांगितले, की गेले कित्येक महिने सकाळी त्या बाजूला घाण चव येत असे आणि त्या चूळ भरून ती घालवत असत.