चार मिनिटांची सायकल

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत मी सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्रावर आहे. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकाच्या पकडीत लावायचा, दार ओढायचं, स्टार्ट दाबायचं आणि चार मिनिटं उभं राहायचं. परत तेच. अकराच्या सुमारास असा वीट यायचा की हात आपोआप मोबाईलकडे.

गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात ठरवलं, जुन्या तपस्व्यांच्या साधना करून बघू. हावरटासारखं सगळंच धरलं. पहाटे स्तोत्र, दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना, बुधवार-शुक्रवार उपवास. हे दोन वार ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत सांगितलेत. आम्ही मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती, आणि आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीसुद्धा तरुणपणी या दोन दिवशी दुपारी तीनपर्यंत काही खात नसे. तीनलाच माझी पहिली पाळी सुटते. हिशेब जमला म्हणून काय खूश झालो!

दुसऱ्याच बुधवारी, मार्चच्या उन्हात, पत्र्याखाली घेरी आली. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकला, आठ जॉब स्क्रॅप. शेजारच्या मशीनवर एक वारकरी आहे, एकादशी न चुकवणारा. त्याला माझी कीव आली. “नुसत्या पाण्यावर कसला उपवास रे? साबुदाणा तरी खा की!” आमच्या चर्चच्या पाळकांनीही तेच सांगितलं, मशीनवर उभं राहणाऱ्यानं थोडं खावं. आता उपवासाला केळं आणि ताक घेतो. पहाटेचं स्तोत्र दुसरी पाळी लागताच मोडलं, त्याची मला फारशी खंतही नाही.

टिकलं ते भलतंच. मिसरच्या वाळवंटात संत अंतोनी एकदा असाच वैतागून बसला होता. त्याला आपल्यासारखाच एक जण दिसला. बसून दोरी वळायचा, उठून प्रार्थना करायचा, परत दोरीला बसायचा. तो देवदूत होता, अशी कथा आहे. वाचून मला पहिल्यांदा आमचं शॉप आठवलं. तिथल्याच आबा इसहाकाची शिकवण जॉन कॅसियन या संन्याशानं पाचव्या शतकात लिहून ठेवली: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ कामात, जेवताना, झोपताना मनात चालू ठेवा. देवा, मला सोडवायला लवकर ये, असा तिचा भाव.

मी ती ओळ मशीनच्या दाराला बांधली. दार लागलं की ओळ. पहिले चार-पाच दिवस विसरायचो, मग दाराच्या काचेवर खडूनं एक टिंब काढलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ‘खट्’ आवाजाबरोबर ओळ यायला लागली. मन भरून वगैरे येत नाही. बहुतेक वेळा नुसते शब्दच असतात. पण अकराचा वीट आला की आता मोबाईल खिशात राहतो.

“काय पुटपुटायलास? जॉब मोजायलास व्हय?” वारकऱ्यानं विचारलं.

“होय,” म्हटलं. तोही ओठ हलवत असतोच की.

परवा रात्रपाळीत इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं पातं तुटलं. तोंडातून आधी शिवी गेली. नवीन इन्सर्ट बसवून दार लावलं, तेव्हा ओळ आली.