४२ किलोहर्ट्झची रेघ अखेर गेली

मंडळी, रेघ गेली! वटवाघळांच्या हाका टिपायला मी जो डबा बांधलाय, त्याचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेचा आवाज आहे ते दाखवणारं चित्र) तिने तीन आठवडे नासवला होता, आणि तोही नेमका तिथेच, जिथे आमच्या विहिरीवरची छोटी वटवाघळं बोलतात.

मागच्या वेळी मी कुंपणाच्या झटका मशीनवर संशय घेतला होता, तो चुकीचा निघाला. झटक्याचा ठोका उभी रेघ पाडतो. ही आडवी, अखंड. मग रातकिडे वाटले. आपले कान वीस किलोहर्ट्झला थांबतात, म्हणून आमच्या काळ्या कुत्र्याला डब्याजवळ बसवलं. कुत्र्याला साधारण ४५ पर्यंत ऐकू येतं. त्याने कान हलवला नाही. पण त्या टोकाला कुत्र्यालाही आवाज बराच मोठा लागतो, म्हणून हा पुरावा कच्चाच धरला.

शेवटी माईक काढून इनपुट ग्राउंडला जोडलं. रेघ तशीच! म्हणजे हवेत काही नव्हतंच. सॅम्पलिंग (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो वेग) १९२ किलोहर्ट्झवरून २५० केलं, तर रेघ उडी मारून १०० वर. वजाबाकी केली: १९२ वजा ४२, दीडशे. २५० वजा १००, पुन्हा दीडशे. आणि फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून ५ व्होल्ट करणारं एलएम२५९६ मॉड्यूल डेटाशीटप्रमाणे १५० किलोहर्ट्झवरच स्विच, म्हणजे चालू-बंद, होतं. सॅम्पलिंगच्या निम्म्याहून उंच सूर असा खोट्या, खालच्या जागी दिसतो, त्याला अलायसिंग म्हणतात; ते वाचलं होतं. इतकं स्वच्छ पहिल्यांदा पाहिलं. माईकला आरसी फिल्टर लावून हे जात नाही, कारण गोंगाट सप्लायच्या वाटेने घुसतो. ही मॉड्यूलं एलईडीला उत्तम, माईकला नको. नागपूरच्या सीताबर्डीतून ७८०५ (चालू-बंद न होता ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि हीटसिंक आणला. सात व्होल्ट उष्णतेत जातात, पण शांत आहे.

परवा जागलीला डबा तुरीच्या धुऱ्यावर ठेवला. काळ्याभोर पडद्यावर एकेक हाक सुटी दिसली; मग हाका जवळजवळ येत गेल्या, एकदम दाट झाल्या आणि बंद. किडा धरला! दहापट संथ करून बाबांना ऐकवलं. म्हणाले, "हे रोज एवढी वरडते, न् आपल्याले पत्ताच नाही?" तीनदा ऐकलं त्यांनी.

आता दुसरा डबा बांधणार होतो, पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. हिरव्या बोंडअळीच्या पतंगालाही वटवाघळाची हाक ऐकू येते. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा ट्रान्समीटर ४० किलोहर्ट्झवर वाजतो, आणि माझ्याकडे दोन पडून आहेत. त्या आवाजाने पतंग दूर राहतात का ते पाहायला येत्या अमावस्येला तो प्रकाश सापळ्याशेजारी लावतो. ज्यांच्याकडे सापळा आहे, त्यांनी तोवर रोज किती पतंग पडतात ते मोजून ठेवा.