पाच युरोंची वर्गणी आणि खेळाचा पॉडकास्ट

खेळाच्या पॉडकास्टमधून उत्पन्न कसे मिळवावे, हा विषय निघाला की चर्चा बहुधा जाहिरातींपाशीच थांबते. मला मात्र आयर्लंडच्या ‘सेकंड कॅप्टन्स’ या खेळाच्या पॉडकास्टचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. केन अर्ली, ओवेन मॅकडेव्हिट आणि त्यांचे सहकारी ‘न्यूजटॉक’ या रेडिओ वाहिनीवर ‘ऑफ द बॉल’ हा कार्यक्रम करत असत. २०१३ मध्ये ही मंडळी एकत्रच तेथून बाहेर पडली, ‘आयरिश टाइम्स’च्या साथीने त्यांनी पॉडकास्ट सुरू केला, आणि २०१७ मध्ये ती साथही सोडून चाहत्यांकडून थेट वर्गणी घेण्याची सोय देणाऱ्या पेट्रिऑन या संकेतस्थळावर, दरमहा पाच युरोंच्या वर्गणीवर ती स्वतंत्रपणे उभी राहिली.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. जाहिरातीचा दर साधारणपणे हजार डाउनलोडमागे ठरतो, त्यामुळे सुमारे पन्नास लाख लोकवस्तीच्या देशात त्या उत्पन्नाला लवकर मर्यादा पडते. वर्गणीत मात्र केवळ हजार निष्ठावान श्रोते मिळाले, तरी पेट्रिऑनचा वाटा वजा होण्यापूर्वी महिन्याला पाच हजार युरो जमतात. शिवाय त्यासाठी स्वतःचे अ‍ॅप बांधावे लागत नाही: प्रत्येक सभासदाला स्वतंत्र आरएसएस दुवा मिळतो, तो नेहमीच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये टाकला की नवे भाग आपोआप येऊ लागतात. आधी अ‍ॅपवर पैसा ओतून मग श्रोते शोधण्यापेक्षा हा क्रम मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

अमेरिकेत क्रीडालेखक बिल सिमन्स यांनी २०१६ मध्ये ‘द रिंगर’ हे खेळ व मनोरंजनावरचे संकेतस्थळ आणि पॉडकास्टचे जाळे उभारले आणि २०२० मध्ये ते स्पॉटिफायने विकत घेतले. तो मार्ग मोठ्या भांडवलाचा आहे.

कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीवर मराठीत पॉडकास्ट करू पाहणाऱ्यांनी आयर्लंडकडेच पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. यूपीआय ऑटोपेमुळे दरमहा छोटी रक्कम घेणे आता सोपे झाले आहे. अवघड आहे ते जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांचे जाणकार विश्लेषण सातत्याने देणे, कारण ते अन्यत्र सहज मिळत नाही आणि वर्गणी त्याचसाठी भरली जाते. मोठ्या सामन्यानंतरची चर्चा सर्वांसाठी खुली ठेवावी, म्हणजे नवे श्रोते येत राहतील, आणि पंच, वस्ताद व जुन्या खेळाडूंच्या सविस्तर मुलाखती सभासदांसाठी राखाव्यात.